मुल्की, गैरमुल्की आणि आमचे दप्तर

२०२३ च्या ऑक्टोबरात पिंपळगाव रेणुकाईतले आमचे शेजारी एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. मराठा शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. मिरचीचा हंगाम सरत आला होता. पण त्या साली गावात मिरचीच्या भावापेक्षा कुणबी नोंदीचीच चर्चा जास्त होती. आमच्याच जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत उपोषण झाले, लाठीमार झाला, आणि सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून निजामकालीन कागद धुंडाळायला सुरुवात केली होती. काकांनी पेटीतून एक कागद काढला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, वर छापील मजकूर, खाली काळ्या शाईच्या दहा-बारा ओळी.

"सर, तुम्ही उर्दूचे मास्तर. आमच्या आजाच्या नावाचा कागद हाये म्हणतेत. एवढा वाचून द्या."

वाचकहो, खरे सांगायचे तर त्या दिवशी आमची फजिती झाली. पहिलीपासून आमचे शिक्षण उर्दूतून. बी.एड.ला उर्दूचे अध्यापन हाच आमचा विषय. वर्गात आम्ही गालिब शिकवतो, प्रेमचंद शिकवतो. पण त्या कागदावरच्या तीन ओळी सोडल्या तर आम्हाला काही लागेना. तो कागद शिकस्ता लिपीत होता. शिकस्ता म्हणजे मोडलेली. कचेरीतले मुन्शी घाईत लिहीत, नुक्ते गाळत, एका शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दात अडकवत. रकमा तर आकड्यांत नव्हत्याच. त्या 'रकम' नावाच्या खुणांत होत्या, ज्या आज उर्दूच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. तारीख होती आजूर महिन्याची, फसली सालातली. फसलीचे गणित तेवढे आम्हाला ठाऊक होते. हैदराबाद राज्यात फसली साल ६ ऑक्टोबरला, म्हणजे १ आजूरला सुरू होई. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीनंतरचा महिना असेल तर ५९१. तेवढे गणित करून दिले आणि काकांना म्हणालो, "चार दिवस द्या." काका गेले. आम्ही मात्र कागदाकडे बघत बसलो. हे लिहिणारा कोण होता? त्याला कुणी नेमले, कुणी शिकवले? आणि त्याचे शिक्षण आमच्यापर्यंत का पोचले नाही?

सरकारी नोकर कुठून आणायचे, त्यांना कसे घडवायचे आणि राज्य बदलले की त्यांचे काय करायचे, हा प्रश्न मराठवाड्याइतका दुसऱ्या कुठल्या भागाने भोगला असेल असे आम्हाला वाटत नाही. शंभर वर्षांत इथल्या कचेरीची भाषा फारसीवरून उर्दू, उर्दूवरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून मराठी अशी तीनदा बदलली. प्रत्येक वेळी कुणीतरी आत आले आणि कुणीतरी बाहेर गेले.

सुरुवात १८५३ पासून करू. त्या वर्षी मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, वयाच्या चोविसाव्या वर्षी निजामाचे दिवाण झाले. आमच्या तालुक्याशी त्यांचा संबंध नुसता पुस्तकी नाही. अजिंठा तेव्हा भोकरदन तालुक्यात होते आणि सालारजंगांच्या जहागिरीत होते. ते दिवाण झाले तेव्हा खजिना रिकामा होता. वऱ्हाड त्याच साली इंग्रजांकडे गेले होते. मुलुख इजाऱ्याने दिलेला, म्हणजे जो जास्त रकमेची बोली लावील त्याने त्या भागातून सारा वसूल करावा, सरकारला ठरलेली रक्कम द्यावी आणि उरलेले स्वतः खावे. फौजेचा पगार थकला की अरब आणि रोहिले जमादार गावेच्या गावे गहाण म्हणून धरून बसत. सरकारी नोकर अशी काही चीजच नव्हती. जो होता तो ठेकेदार तरी होता, नाहीतर वतनदार.

दप्तराची गोष्ट तर याहून मजेची. राज्याच्या हिशेबाची दोन मोठी दप्तरे होती. आमच्या मराठी मुलखाचे 'दफ्तर-ए-दिवानी' रायरायान नावाच्या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे, आणि हैदराबाद, बीदरकडचे 'दफ्तर-ए-माल' मालवाला नावाच्या कायस्थ घराण्याकडे. पिढ्यान्‌पिढ्या. कागद त्यांच्या हवेलीत, कारकून त्यांचे, वाचायची किल्लीही त्यांच्याकडे. निजामाला स्वतःच्याच राज्याचा हिशेब हवा तर त्याने या घराण्यांना विचारायचे. निजामाचे राज्य म्हणजे सगळे मुसलमानांच्या हातात, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आणि तसे समजणारे आपल्यातही पुष्कळ आहेत.

सालारजंगांनी ही मक्तेदारी एकदम तोडली नाही. त्यांनी बाजूला नवी कचेरी उभी केली. १८६५ साली जिलाबंदी झाली. राज्याचे जिल्हे पाडले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्याखाली दोयम आणि सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार. सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला रोख पगार. आज हे वाचताना काही वाटत नाही. पण ज्या मुलखात सरकारी हुद्दा म्हणजे लिलावात घेतलेला ठेका होता, तिथे पहिली तारीख आली की पगार आणि चोरी केली की बडतर्फी, ही क्रांतीच होती.

आता या जागांवर बसवायचे कुणाला? राज्यात नव्या पद्धतीने शिकलेला माणूस नव्हता. सालारजंगांनी दारुल उलूम ही शाळा १८५० च्या दशकातच काढली होती, पण शाळेतून तहसीलदार बाहेर पडायला वर्षे लागतात आणि सारा दर वर्षी वसूल करावा लागतो. म्हणून त्यांनी तयार माणसे बाहेरून आणली. १८७३ मध्ये लखनौहून सय्यद हुसेन बिलग्रामी आले. १८७४ मध्ये इंग्रजी मुलखात डेप्युटी कलेक्टर असलेले सय्यद मेहदी अली आले, जे पुढे मोहसिन-उल-मुल्क झाले. पाठोपाठ मुश्ताक हुसेन, म्हणजे विकार-उल-मुल्क. १८७७ मध्ये चिराग अली आणि कादंबरीकार डेप्युटी नझीर अहमद. मुंबई इलाख्यातून जमीन मोजणीचे काम जाणणारे पारशी अधिकारी आले. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय बंगालमधून आले आणि शिक्षणाच्या कामाला लागले. मराठवाड्यात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. आमच्या काकांच्या शेताचा सर्व्हे नंबर हा त्याच मोजणीचा वारस.

या माणसांनी काम चोख केले, यात वाद नाही. मोहसिन-उल-मुल्क यांच्याच पुढाकाराने फारसी मागे पडून १८८४ च्या सुमारास उर्दू ही कचेरीची भाषा झाली. पण प्रत्येक बाहेरचा माणूस आपला भाऊ, भाचा, जावई घेऊन आला. दहा-पंधरा वर्षांत हैदराबादी खानदानी लोक कुरकुरू लागले: आमचे राज्य, आमचा खजिना, आणि खुर्चीवर हिंदुस्थानी? ('हिंदुस्थानी' म्हणजे उत्तरेचे, हा तेव्हाचा दक्खनी अर्थ.) इथून मुल्की आणि गैरमुल्की हा झगडा सुरू झाला. मुल्की म्हणजे या मुलखाचा, गैरमुल्की म्हणजे बाहेरचा. दोन्ही बाजूंना मुसलमान होते आणि दोन्ही बाजूंना हिंदू होते, हे सांगायला हवे. धर्म एक असूनही भाकरी वाटून खायला माणूस तयार नसतो, हे आपल्या लोकांनी तेव्हाच पाहिले होते. १९१९ साली निजामाने नियम पक्का केला: नोकरी मुल्कीलाच, आणि मुल्की ठरायला पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. 'मुल्की सर्टिफिकेट' हा कागद मिळवण्यासाठी लोक कचेरीचे उंबरठे झिजवू लागले. आज जातीच्या दाखल्यासाठी झिजवतात तसेच.

याच सुमाराला राज्याने दुसरा मार्गही धरला, आणि आमच्या मते तो जास्त मोलाचा होता. माणसे बाहेरून आणण्याऐवजी इथेच घडवायची. १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले आणि १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. हिंदुस्थानात प्रथमच एका देशी भाषेतून संपूर्ण विद्यापीठ चालणार होते. डॉक्टरी, इंजिनिअरी, कायदा, सगळे उर्दूतून. इंग्रजी सक्तीची, पण विषय म्हणून. पुस्तके कुठून आणणार? म्हणून विद्यापीठाआधी 'दारुल तर्जुमा' हे भाषांतराचे खाते उघडले. रसायनशास्त्रापासून रोमच्या इतिहासापर्यंत शेकडो पुस्तके तिथे उर्दूत आली. एकेका शब्दासाठी मौलवी आणि प्रोफेसर दिवस दिवस भांडत बसत.

त्या दारुल तर्जुमाचे पहिले नाझिम मौलवी अब्दुल हक. हे नाव उर्दूच्या प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी असते, पण 'बाबा-ए-उर्दू'च्या आयुष्याची उमेदीची वर्षे औरंगाबादेत गेली हे आमच्याच किती जणांना ठाऊक आहे? ते तिथे शाळाखात्याचे सदर मोहतमिम होते, पुढे तिथल्या कॉलेजचे प्राचार्य झाले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय त्यांनी औरंगाबादेत आणले, ते १९३८ पर्यंत तिथेच होते. म्हणजे आमचा भोकरदन तालुका ज्या जिल्ह्यात होता त्याच्या शाळा तपासणारा अधिकारी हा उर्दूचा सर्वांत मोठा कोशकार होता. सरकारी नोकरीत अशी माणसे घेतली जात होती.

अब्दुल हक साहेबांनी बीबी का मकबऱ्यातल्या नामदेव माळ्याचे जे व्यक्तिचित्र लिहिले, ते उर्दू शिकणाऱ्या अनेक पिढ्यांनी वाचले आहे. खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा हा माणूस झाडांना लेकरासारखे जपायचा. दुष्काळात घडे भरून पाणी आणून त्याने बाग जगवली. त्याचे काम पाहून वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला शाही बागेत नेले. आम्ही हा धडा घेतो तेव्हा मुलांना विचारतो, नामदेवची भरती कोणत्या परीक्षेने झाली? मुले हसतात. पण दुसराही प्रश्न मनात येतो, तो वर्गात विचारता येत नाही: या नामदेवच्या मुलासाठी उस्मानियाचे दार किती उघडे होते?

कारण हिशेब मांडला तर तो बोचरा आहे. हैदराबाद राज्यात उर्दू मातृभाषा असलेले दहा-बारा टक्के. तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा. मराठी मुलगा खालच्या वर्गात मराठी शिके आणि पुढे जायचे तर उर्दू. जो शिकला तो उत्तम उर्दू शिकला, पण शिकले किती? मोठ्या हुद्द्यांवर मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येच्या कितीतरी पट होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ साली निघाली. तिच्यासारख्या खासगी मराठी शाळा निघाल्या त्या या कोंडीतूनच.

पण दुसरी बाजूही सांगू. मोठे हुद्देदार मुसलमान होते, म्हणून मुसलमान हुद्देदार होते असे नाही. पिंपळगावचा पिंजारी कापूसच पिंजत होता, भोकरदनचा बागवान भाजीच विकत होता. आमच्या घराण्यात कुणी तहसीलदार नव्हता, पेशकार नव्हता, साधा चपरासीही नव्हता. आमचे पणजोबा सालदार होते. 'तुमचे राज्य होते' असे आम्हाला लहानपणी शाळेच्या मैदानावर ऐकवले जाई, तेव्हा घरी येऊन आम्ही आजीला विचारायचो, आपले राज्य होते तर आपले शेत कुठे गेले? ती म्हणायची, "बेटा, राज नवाबों का था. अपना तो खुरपा था."

या व्यवस्थेत एक प्रयोग असा झाला की तो मोठ्या अक्षरांत छापायला हवा. आदिलाबाद जिल्ह्यातले गोंड अधिकाऱ्यांच्या आणि सावकारांच्या जाचाने पिचले होते. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या सल्ल्याने १९४३ साली मारलवाई या खेड्यात गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंड तरुण निवडायचे, त्यांना शिकवायचे आणि त्यांच्याच गावात शिक्षक म्हणून नेमायचे. पहिली पुस्तके गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत. या कामात पुढे होते हैदराबाद सिव्हिल सर्व्हिसमधले सेतुमाधवराव पगडी. निलंग्यात जन्मलेले हे मराठी अधिकारी उर्दू, फारसी, तेलुगू जाणत होतेच. तिथे जाऊन गोंडीही शिकले. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे सचिव झाले आणि शिवकाळाची फारसी साधने त्यांनीच मराठीत आणली. निजामाच्या कचेरीने घडवलेला हा माणूस मराठी इतिहासाच्या कामी आला. अधिकाऱ्याने रयतेची भाषा शिकावी, रयतेने अधिकाऱ्याची नव्हे, ही समज त्या राज्याला आली ती शेवटी शेवटी, आणि तीही एका कोपऱ्यात.

मग १९४८. कासिम रझवीच्या रझाकारांनी जे केले त्याच्या आठवणी आमच्या गावोगाव आहेत, आणि १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर जे झाले त्याच्याही आहेत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार त्या हिवाळ्यात मराठवाड्यात फिरले. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे गेली असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, आणि औरंगाबाद व बीडही सुटले नाहीत. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१३ उजाडले.

आम्ही इथे कचेरीपुरते बोलू. जनरल चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले, मुख्य मुलकी प्रशासक म्हणून मुंबईहून बखले आले, १९५० मध्ये वेल्लोडी मुख्यमंत्री झाले. मद्रास, मुंबई, मध्य प्रांतातून अधिकारी आणि कारकून आणले गेले. जुन्या नोकरांपैकी कुणाला काढले, कुणाला खालच्या जागेवर ठेवले, कुणी पाकिस्तानात गेले, कुणी घाबरून स्वतःच राजीनामा दिला. ज्याने रझाकारांना साथ दिली त्याला काढणे न्यायाचेच होते. पण ज्याचा गुन्हा एवढाच की त्याला उर्दूच येत होती, त्याचे काय? उस्मानियातून उर्दूत कायदा शिकलेला मुन्सफ एका रात्रीत निरक्षर ठरला. आणि गंमत पाहा, बाहेरून आलेल्या कारकुनांना दप्तर वाचता येईना. सगळ्या नोंदी उर्दूत, पटवाऱ्याच्या मोडीत. जुन्या कारकुनाला शेजारी बसवल्याशिवाय नव्याचे पान हलेना.

चार वर्षांत तोच जुना झगडा उलट्या अंगाने पेटला. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले: गैरमुल्की परत जा. सिटी कॉलेजजवळ गोळीबार झाला, पोरे मेली. या वेळी आंदोलन करणारे बहुतेक तेलुगू, आणि ज्यांना हाकलायचे ते मद्रासकडचे. सत्तर वर्षांपूर्वी खानदानी नवाब जे बोलत होते तेच शब्द.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १९६० च्या १ मेला महाराष्ट्रात आले. त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने लिहून दिले होते की सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल. तो मिळाला नाही म्हणून मराठवाडा पुढे वीस वर्षे ओरडत राहिला. मुंबईच्या नियमांत बसवताना हैदराबादी नोकराची ज्येष्ठता घसरली, पगारश्रेणीचे तंटे झाले. यात हिंदू-मुसलमान सगळेच होते. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. रास्तच झाले, रयतेची भाषा कचेरीत आली. पटवारी गेला, तलाठी आला. गिरदावर हा शब्द मात्र आमच्याकडची म्हातारी माणसे अजून वापरतात. तहसीलदार, नायब, नाझर, पेशकार, जमाबंदी, खासरा हे शब्द राहिले. ते लिहिणारी माणसे राहिली नाहीत.

या बदलाच्या वेळी कुणी काय केले, याची तुलना केली की आम्हाला आपल्याच लोकांचा राग येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये त्याच औरंगाबादेत कॉलेज काढले, जे पुढे मिलिंद झाले. त्यांनी ओळखले होते की नवे राज्य म्हणजे नव्या नोकऱ्या, आणि नोकऱ्या म्हणजे आधी पदवी. खेड्यातला दलित मुलगा तिथून शिकून कचेरीत शिरला. आमचा समाज तेव्हा भेदरलेला होता हे खरे, मारलेला होता हेही खरे. पण भीती ओसरल्यावरही आम्ही बरीच वर्षे 'नोकरी मिळणारच नाही' म्हणून मुलांना गॅरेजवर आणि बेकरीत पाठवत राहिलो. रफिक झकेरियांनी मौलाना आझाद कॉलेज उभे केले ते १९६३ मध्ये. तेरा वर्षांचे हे अंतर पुढे भरून निघाले नाही. २००६ मध्ये सच्चर समितीने आकडे मांडले: लोकसंख्येत १३.४ टक्के, आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के. जालना जिल्ह्यातल्या शेलगावच्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख एकविसाव्या वर्षी ३६१ व्या क्रमांकाने आयएएसच्या यादीत आला, तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. एका मुलासाठी सगळा जिल्हा पेढे वाटतो, यातच आमची स्थिती कळते.

जालन्याचेच शब्बीर अन्सारी. मुसलमानांतही विणकर, पिंजारी, बागवान, कसाब अशा मागास बिरादऱ्या आहेत, त्यांना ओबीसीच्या सवलती द्या, हे त्यांनी गावोगाव फिरून सांगितले. दिलीपकुमार त्यांच्या सभांना आले. १९९४ मध्ये शासनाचा निर्णय निघाला. पण दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. तो असतो कुठे? जुन्या शाळेच्या 'दाखिल-खारिज' रजिस्टरात. ते असते उर्दूत. कौमच्या रकान्यात कुणी 'मोमीन' लिहिले, कुणी 'बागवान', आणि बऱ्याच मास्तरांनी नुसतेच 'मुसलमान' लिहून लेकरांच्या पुढच्या तीन पिढ्यांचा हक्क एका शब्दात घालवला.

म्हणजे पाहा, काकांना कुणबी नोंद हवी ती उर्दूत, आणि आमच्या बागवान विद्यार्थ्याला दाखला हवा तोही उर्दूत. शिंदे समितीने पहिल्या टप्प्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले आणि साडेअकरा हजारांच्या आसपास नोंदी काढल्या. उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासननिर्णय निघाला, त्याने ही गरज आणखी वाढवली. जी विद्या १९४८ नंतर निकामी म्हणून टाकली, तिच्यासाठी आता तहसील कचेरी पेन्शनर हुडकते आहे.

आणि नवी भरती? २०२३ च्याच तलाठी भरतीत ४६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. परीक्षा संगणकावर: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि गणित. शंभर प्रश्न, दोनशे गुण. जुना खासरा वाचता येतो का, हे त्यात कुणी विचारत नाही. निवड झालेला मुलगा हुशार असतो, यात शंका नाही. पण पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर काकांसारखा कुणी पेटी घेऊन उभा राहतो.

आमची स्वतःची भरती कशी झाली तेही सांगतो. बी.एड. झाल्यावर आठ वर्षे वाट पाहिली. टीईटी दिली, अभियोग्यता चाचणी दिली, पोर्टलवर नाव आले. त्या काळात एका संस्थेत तासिकेवर शिकवले. वर्षाचे पैसे दोन हप्त्यांत मिळत, दुसरा हप्ता कधी आलाच नाही. शेवटी शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली, मानधन सोळा हजार. ही योजना २००० साली निघाली तेव्हा ते तीन हजार होते. म्हणजे आमचे नशीब बरे म्हणायचे. उर्दू शाळांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेल्या जागा उर्दू माध्यमाचा उमेदवारच नसल्याने रिकाम्या राहतात. जागा दुसऱ्याला देता येत नाही, वर्ग मात्र शिक्षकाविना चालतो. शेवटी त्या वर्गातल्या मुलांचे मराठी कच्चे राहते आणि तीच मुले पुढे मराठीतल्या परीक्षेत मागे पडतात. दोष सगळा सरकारवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. मराठीचा तास बदली शिक्षकावर सोडणारे आम्हीच, आणि घरी मराठी वर्तमानपत्र न घेणारेही आम्हीच.

काकांचा कागद घेऊन आम्ही भोकरदनला गेलो. तिथे एक चाचा आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे. साठच्या दशकात कारकून म्हणून लागले तेव्हा जुन्या राजवटीतला एक नाझर अजून नोकरीत होता. त्याने यांना रोज संध्याकाळी अर्धा तास बसवून शिकस्ता आणि रकम शिकवली, फुकट, कुठल्याही प्रशिक्षण संस्थेच्या आदेशाशिवाय. चाचांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि घडघडा वाचून काढला. ती कुणबी नोंद नव्हती. विहीर खोदायला काढलेल्या तगाईची पावती होती. आजोबांचे नाव होते, गावाचे नाव होते, जातीचा रकाना नव्हताच.

काकांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विहीर हाये अजून. पाणी बी हाये."

त्या हिवाळ्यापासून दर रविवारी आम्ही चाचांकडे जातो. पहिल्या महिन्यात एकटेच होतो. नंतर काकांचा नातू येऊ लागला. तो तलाठी भरतीची तयारी करतो, उर्दूची अलिफही त्याला येत नव्हती. बागवानांच्या दोन मुली येतात, एकीचा डोळा शाळेच्या जुन्या रजिस्टरावर आहे. चाचा कुणालाच सोडत नाहीत. परवा त्या नातवाने 'आजूर' लिहिताना झालचा नुक्ता विसरला. चाचांनी त्याच्या हातातून पेन काढून घेतले आणि म्हणाले, हे बॉलपेन फेकून दे, पुढच्या रविवारी बोरू घेऊन ये.